बांधकामापूर्वी बाग हलवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : घराच्या मागील बाजूस दोन खोल्या वाढवायच्या असून पायाचे खोदकाम साधारण तीन आठवड्यांनी सुरू होणार आहे. नेमक्या त्याच पट्ट्यात आठ-दहा वर्षांची जास्वंद, चार गुलाब, एक अनंत, मोगऱ्याची दोन जुनी झुडपे, कर्दळीचा ताटवा आणि फळांवर आलेले लिंबाचे झाड आहे. ऊन कडक आहे आणि कंत्राटदार हंगाम सरेपर्यंत थांबायला तयार नाही. यांपैकी काय वाचेल आणि ते कसे हलवावे?

उत्तर : फावडे हाती घेण्यापूर्वी ही सर्व झाडे खरोखरच हलवावी लागणार आहेत का, हे तपासून पाहावे. कंत्राटदाराला बोलावून पायाच्या खंदकाची बाहेरची कड, परांचीसाठी लागणारी मीटर-दीड मीटर जागा आणि वाळू-विटांची ने-आण होणारी वाट जमिनीवर फक्की मारून आखून घ्यावी. कागदावरील नकाशा पाहून घेतलेला निर्णय आणि जमिनीवरील आखणी पाहून घेतलेला निर्णय यांत बराच फरक पडतो. या रेषेच्या बाहेर राहणारे झुडूप उन्हाळ्यात उपटण्यापेक्षा गुडघ्याएवढे छाटून त्याभोवती पत्र्याचे किंवा फळ्यांचे कुंपण घालणे केव्हाही श्रेयस्कर आहे.

रेषेच्या आत येणाऱ्या झाडांचा विचार करताना त्यांच्यावर नेमके काय ओढवणार आहे, हे समजून घ्यावे. झाड मुळांवाटे जे पाणी घेते, त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. हे पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर थरात आणि खोडापासून बरीच दूरवर, अनेकदा फांद्यांच्या घेराबाहेरही, पसरलेली असतात. त्यामुळे आपण कितीही काळजीपूर्वक खोदले तरी यांतील बहुतांश मुळे जुन्या जागीच राहतात. हिवाळ्यात पानांची मागणी कमी असल्याने हा तोटा निभावून जातो. उन्हाळ्यात मात्र मागणी सर्वांत जास्त असतानाच पुरवठा तुटतो, आणि झाड मरते ते या तफावतीमुळे. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती ही तफावत कमी करण्यासाठी आहे. तिच्याशी संबंध नसलेली टॉनिके, पावडरी आणि फवारे यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

आपल्या हाताशी असलेले तीन आठवडे हे या प्रकरणातील सर्वांत मोलाचे साधन आहे, म्हणून पत्र वाचताच कामाला लागावे. पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक झाडाच्या आळ्यात सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी जास्वंद आणि लिंबू या दोन मोठ्या झाडांभोवती हुंडीची, म्हणजे मुळांसह उचलायच्या मातीच्या गोळ्याची, कड ठरवावी. त्यासाठी जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर खोडाची जाडी मोजावी आणि हुंडीचा व्यास त्या जाडीच्या दहा ते बारा पट धरावा. खोडाचा घेर सुतळीने मोजून ३.१४ ने भागला की जाडी मिळते. उदाहरणार्थ, १६ सेंटिमीटर घेर म्हणजे ५ सेंटिमीटर जाडी, आणि तिला ५० ते ६० सेंटिमीटर व्यासाची हुंडी लागते. या कडेचे चार समान भाग कल्पून समोरासमोरील दोन भागांत धारदार फावड्याने फूट-सव्वा फूट खोल अरुंद चर घ्यावा, आडवी आलेली जाड मुळे सिकेटरने किंवा करवतीने सरळ कापावीत आणि चर कुजलेल्या शेणखतात मिसळलेल्या भुसभुशीत मातीने भरून पाणी द्यावे. उरलेले दोन भाग आठ-दहा दिवसांनी कापावेत. अशा रीतीने झाडाला एकाच वेळी सर्व मुळे गमवावी लागत नाहीत आणि उबदार ओलसर मातीत कापलेल्या टोकांजवळ दोन-तीन आठवड्यांत नवी पांढरी मुळे फुटू लागतात. हे काम खरे तर काही महिने आधी करण्याचे असते. तीन आठवड्यांत त्याचा पूर्ण लाभ मिळणार नाही, पण जो मिळेल तो नंतरच्या कोणत्याही उपायापेक्षा मोठा असेल.

दरम्यान नवी जागा तयार करावी. खड्डा हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट रुंद असावा, मात्र हुंडीच्या उंचीपेक्षा खोल नसावा, कारण तळाशी टाकलेली सैल माती पुढे बसते आणि झाड खाली खचते. उत्साहाच्या भरात खोल खड्डा घेऊन खोडाचा बुंधा मातीत गाडणे हा नेहमी आढळणारा प्रकार आहे आणि लिंबाच्या झाडाला तो विशेष बाधतो. लिंबू कलमी असेल तर कलमाचा जोड जमिनीच्या बराच वर राहिला पाहिजे, अन्यथा बुंध्यापाशी साल कुजण्याचा धोका असतो. खड्डा आदल्या दिवशी पाण्याने भरून ते पाणी मुरू द्यावे. उन्हाने तापलेल्या कोरड्या खड्ड्यात ओली हुंडी ठेवली की भोवतालची माती हुंडीतलेच पाणी ओढून घेते.

छाटणीबाबत माळ्यांमध्ये एकमत नाही. पूर्वी एक-तृतीयांश फांद्या सरसकट उतरवण्याची पद्धत होती. नव्या मताप्रमाणे मुळांच्या वाढीला चालना देणारी संप्रेरके शेंड्यांच्या कळ्यांत तयार होतात आणि नव्या मुळांना लागणारे अन्नही पानेच बनवतात, म्हणून केवळ मोडक्या आणि वाळक्या फांद्याच काढाव्यात. माझ्या मते हे दुसरे मत थंड हवेत आणि पुरेशा तयारीनिशी केलेल्या स्थलांतराला लागू पडते, पण कडक उन्हात ऐनवेळी झाड उचलताना त्याला चिकटून राहणे परवडत नाही. जास्वंद आणि मोगरा यांना छाटणी सोसते. जास्वंदीची उंची निम्म्यावर आणावी आणि मोगरा जमिनीपासून फूट-दीड फूट राखावा. गुलाबही तेवढेच ठेवून उरलेली पाने हाताने काढून टाकावीत. लिंबाच्या झाडावर मात्र इतकी कठोर छाटणी करू नये. त्याच्या आतील दाट फांद्या विरळ कराव्यात आणि फळे, फुले व कळ्या कितीही जिवावर आले तरी सर्व उतरवून घ्याव्यात. विरळ केल्यामुळे ज्या खोडावर आता थेट ऊन पडेल, त्याला चुन्याचा पातळ हात द्यावा, म्हणजे साल भाजणार नाही.

प्रत्यक्ष उचलण्याचे काम ढगाळ दिवशी, नाहीतर ऊन उतरल्यावर संध्याकाळी करावे आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा भरपूर पाणी द्यावे. माती कोरडी असेल तर हुंडी विस्कटते आणि चिखल झालेला असेल तर ओघळते. मातीची मूठ वळते पण बोटांतून पाणी येत नाही, असा वाफसा असताना खोदावे. पूर्वीच्या चराच्या किंचित बाहेरून खणत जावे, म्हणजे नव्याने फुटलेली मुळे हुंडीतच राहतील. पुरेसे खोल गेल्यावर फावडे तिरपे धरून खालून सुटे करावे, पण खोडाला धरून झाड हलवू नये किंवा ओढू नये. एका बाजूने हुंडी कलती करून तिच्याखाली अर्धे गुंडाळलेले ओले गोणपाट सरकवावे, मग दुसऱ्या बाजूने कलती करून गोणपाट पूर्ण उलगडावे आणि चारही टोके खोडाभोवती सुतळीने घट्ट बांधावीत. जास्वंदीच्या एवढ्या हुंडीचे वजन सहज शंभर ते दीडशे किलो भरते, त्यामुळे दोन माणसांच्या भरवशावर हे काम काढू नये. फळीवरून घसरवत नेणे हा उचलून नेण्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे. नव्या खड्ड्यात ठेवल्यावर सुतळी सोडावी आणि गोणपाट निदान वरच्या भागातून कापून काढावे. प्लास्टिकच्या धाग्याची गोणी वापरली असेल तर ती पूर्णपणे काढणे भाग आहे, कारण ती कुजत नाही.

आपल्या यादीतील प्रत्येक झाडाचे भवितव्य सारखे नाही. कर्दळीची चिंताच नको. खोडे कापून कंद उचलावेत आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून सवडीने लावावेत. गुलाब आणि मोगरा बहुधा जगतील. जास्वंदीबद्दल मी आशावादी आहे, लिंबाबद्दल थोडा कमी. सर्वांत नाजूक अनंत आहे, कारण त्याची मुळे उथळ असतात, त्याला आम्लधर्मी माती लागते आणि मुळांशी झालेली ढवळाढवळ त्याला खपत नाही. म्हणून त्याची हुंडी शक्य तितकी रुंद घ्यावी आणि त्याला दुपारनंतरची सावली मिळेल अशी जागा द्यावी. जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची छाट कलमे आजच लावून ठेवावीत आणि मोगऱ्याच्या लवचिक फांद्यांची दाब कलमे (फांदी झुडपापासून न तोडता मातीत दाबून केलेली) जुनी झुडपे नव्या जागी स्थिरावताच करावीत. लिंबाची गुटी बांधण्याचा, म्हणजे झाडावरील फांदीची साल काढून तेथे ओले शेवाळ गुंडाळून मुळे फोडण्याचा, मोह होईल, पण तिला मुळे धरण्यास साधारण दोन महिने लागतात. तीन आठवड्यांत ती उपयोगी पडणार नाही.

लागवडीनंतरच्या पाण्याबाबत एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पहिले काही आठवडे झाडाची सर्व मुळे हुंडीतच असतात, त्यामुळे भोवतालची माती ओलीचिंब असली तरी हुंडी आतून कोरडी पडू शकते आणि आळे ओले पाहून आपण निश्चिंत राहतो. म्हणून पाणी हुंडीच्या माथ्यावर, खोडाच्या जवळ सोडावे. खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे सात ते दहा लिटर पाणी एका वेळी, हे प्रमाण पहिले दोन आठवडे रोज आणि पुढील दोनेक महिने एक दिवसाआड ठेवावे. मात्र प्रत्येक वेळी हुंडीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे आणि आत माती गार व ओली लागली तर त्या दिवशी पाणी टाळावे. वर तीन-चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकवू नये. पन्नास टक्के सावलीचे शेडनेट काठ्यांवर ताणून झाडापासून हातभर अंतरावर, वारा खेळेल असे बांधावे. ते पानांवर थेट पांघरू नये.

प्रश्न : वरीलप्रमाणेच अडचण आहे, परंतु आम्हाला केवळ चार दिवस मिळाले आहेत. काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण सर्व काही वाचवण्याचा आग्रह सोडावा लागेल. पहिल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे आणि त्याच दिवशी प्रत्येक आवडत्या झाडाची छाट कलमे घेऊन सावलीत लावावीत. दुसऱ्या दिवशी छाटणी आणि खड्डे, तिसऱ्या आणि चौथ्या संध्याकाळी उचलणी. आधी मुळे कापण्याची संधी हुकल्यामुळे हुंडी नेहमीपेक्षा मोठी घ्यावी. क्रम लावताना भावनेपेक्षा व्यवहार पाहावा : कंद, गवतासारखी ठोंबे आणि तरुण झुडपे आधी उचलावीत, कारण तीच जगण्याची शक्यता अधिक आहे. बागेतले सर्वांत जुने झाड वाचवण्यात चारही दिवस घालवले, तर ते बहुधा वाचत नाही आणि सहज वाचली असती अशी दहा लहान झाडे खंदकात जातात. पपईसारख्या झाडावर अजिबात श्रम घालवू नयेत, ती मुळे दुखावलेली सहन करत नाही आणि बियांपासून लवकर वाढते. शेवग्याची मनगटाएवढी फांदी कापून ठेवली तरी पुरते. चाफ्याच्या फांद्या तर कापल्यावर चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत तशाच पडू द्याव्या लागतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आज धावपळ करण्याची गरज नाही. कोरफड आणि निवडुंग यांनाही हेच लागू आहे.

बोगनवेलीबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. वरून काटेरी आणि दणकट दिसणाऱ्या या वेलीची मुळे अत्यंत ठिसूळ असतात आणि हुंडी हमखास फुटते. ती फूट-दोन फुटांवर छाटून, मातीसह सरळ मोठ्या कुंडीत किंवा टोपलीतच उतरवावी. नाहीतर कलमांवर समाधान मानावे.

प्रश्न : बारा दिवसांपूर्वी जास्वंदीचे मोठे झाड दुसरीकडे लावले. चौथ्या दिवसापासून पाने पिवळी पडून गळू लागली आणि आता झाड जवळजवळ निष्पर्ण झाले आहे. एका परिचितांनी युरिया आणि जीवनसत्त्वयुक्त टॉनिक देण्यास सुचवले आहे. झाड मेले असे समजावे काय?

उत्तर : पाने गळली याचा अर्थ झाड मेले असा नाही, उलट अनेकदा ती जिवंतपणाची खूण असते. पान देठापाशी सुटून पडण्यासाठी तेथील पेशींना काम करावे लागते आणि ते केवळ जिवंत फांदीच करू शकते. काळजी वाटावी ती पाने जागच्या जागी करपून, कुरकुरीत होऊन फांदीला चिकटून राहिली तर, कारण त्याचा अर्थ फांदी इतक्या झपाट्याने सुकली की पान गाळण्याइतकाही अवधी तिला मिळाला नाही. आपण वर्णन केलेले पिवळे पडून गळणे हे पहिल्या प्रकारातले दिसते.

खात्री करण्यासाठी एका बारीक फांदीच्या टोकापाशी नखाने सालीचा पापुद्रा खरवडावा. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा दिसला तर चार बोटे खाली येऊन पुन्हा खरवडावे, आणि असे करत खोडापर्यंत यावे. हिरवे जेथे सुरू होते, त्याच्या किंचित वर, डोळ्याच्या वरच्या बाजूला कापावे. खोडावर बुंध्यापर्यंत कोठेच हिरवे दिसले नाही, तरच आशा सोडावी, आणि तरीही बुंध्यातून फुटवे येतात का, हे महिनाभर पाहावे.

युरिया देऊ नये. ज्या झाडाला पाणीच पुरेसे घेता येत नाही, त्याच्या मुळांभोवती क्षार वाढवले तर पाणी घेणे आणखी अवघड होते, आणि नत्रामुळे जी कोवळी पालवी फुटेल ती पोसण्याची मुळांची ताकद अद्याप नाही. खत द्यायचे ते नवी पाने पूर्ण आकाराची होऊन काही आठवडे टिकल्यानंतर, तेही बेताने. टॉनिकाबाबत सांगायचे तर ब १ जीवनसत्त्व स्थलांतराचा धक्का कमी करते, ही समजूत फार जुनी आहे, पण जमिनीतल्या झाडांवर घेतलेल्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसून आलेला नाही. निरोगी वनस्पती हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते.

पाण्याचे निदान मात्र आजच करावे, कारण कमी पाणी आणि जास्त पाणी यांची बाह्य लक्षणे सारखीच असतात आणि झाड कोमेजलेले पाहून घाबरलेला माणूस पाण्याचा मारा करतो. हुंडीत बोटाने किंवा लाकडी काडीने तपासावे. काडी कोरडी निघाली तर पाणी कमी पडते आहे. चिखल लागून कुबट वास आला, तर मुळांना हवा मिळत नसल्याने ती कुजत आहेत आणि पाणी थांबवून आळे फोडून टाकावे. नवी पालवी आल्यानंतर निरीक्षणाची वेळही महत्त्वाची आहे. दुपारी माना टाकलेली पाने सूर्यास्तानंतर पुन्हा उभी राहत असतील, तर मुळे आपले काम करत आहेत असे समजावे. सकाळी सूर्योदयाच्या सुमारासही ती लोंबलेलीच दिसली, तर हुंडी तपासायला विलंब करू नये.

प्रश्न : बांधकाम आठ महिने चालेल आणि तोपर्यंत झाडे मोठ्या कुंड्यांत ठेवून नंतर जमिनीत परत लावावीत, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर : कायमची दुसरी जागा मिळत असेल तर नाही. एकदा हलवलेल्या झाडाला पूर्ववत होण्यास वेळ लागतो. थंड प्रदेशांत खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे साधारण एक वर्ष, उबदार प्रदेशांत काही महिने, असा ढोबळ हिशेब आहे. आठ महिन्यांनी त्याला पुन्हा उपटणे म्हणजे सावरत असतानाच दुसरा धक्का देणे होय. जागाच नसेल तर कुंड्या हा पर्याय निश्चितच आहे. त्यातही मोठी गैरसोय उष्णतेची आहे. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतील माती ४० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते आणि कडेची मुळे, म्हणजे नेमकी नवी मुळे, भाजून निघतात. म्हणून कुंड्या एकमेकींना खेटून, बांधकामाच्या धुळीपासून दूर आणि सावलीत ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेतील कुंड्यांना गोणपाट गुंडाळावे किंवा पांढरा रंग द्यावा. कुंडीत बागेतली चिकट माती जशीच्या तशी न भरता ती कुजलेले खत आणि कोकोपीट यांनी हलकी करावी. तळाशी खडीचा थर देण्याची गरज नाही, त्याने निचरा सुधारत नाही आणि मुळांसाठी असलेली जागा मात्र कमी होते.

कुंड्या नसतील तर आडोशाच्या जागी एक उथळ चर खणून त्यात गोणपाटात बांधलेल्या हुंड्या ओळीने ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती पालापाचोळा, भुसा अथवा सैल माती दाबून भरावी. रोपवाटिकांत विक्रीसाठी थांबलेली झाडे बऱ्याचदा अशाच रीतीने ठेवलेली असतात. फक्त दर महिन्याला चराच्या कडेने फावडे घालून बाहेर पडू पाहणारी मुळे कापत राहावे, नाहीतर आठ महिन्यांनी झाडे त्या चरातच घट्ट रुजलेली आढळतील.

प्रश्न : आमच्या फाटकाजवळ दोन मोठे पाम आहेत. ते हलवण्यासाठी थंडीची वाट पाहावी का?

उत्तर : नाही. येथे नियम उलटा आहे. पामाच्या मुळांची वाढ माती उबदार असतानाच जोमाने होते, त्यामुळे पाणी पुरवता येत असेल तर उन्हाळा हाच त्यांच्या स्थलांतराचा योग्य काळ आहे. काही जातींत कापलेली मुळे पुन्हा वाढतात, तर काहींत ती मरून जातात आणि सर्व मुळे बुंध्यातून नव्याने फुटावी लागतात, म्हणून जात ओळखूनच हुंडीचा आकार ठरवावा. खालची निम्मी पाने कापून उरलेली वर सैलसर बांधावीत. पामाला वाढीचे एकच टोक असते. उचलताना ते दुखावले तर एकेरी खोडाचा पाम वाचत नाही, त्यामुळे क्रेनचा पट्टा खोडाच्या मध्याजवळ आणि गोणपाटाची घडी देऊन लावण्यास सांगावे.

प्रश्न : जुने सावलीचे झाड नव्या भिंतीपासून चार मीटरवर आहे. खोडाची जाडी सुमारे ४० सेंटिमीटर आहे. एवढे झाड हलवणे शक्य नाही, हे आम्हाला मान्य आहे, पण बांधकामात ते टिकेल का?

उत्तर : टिकू शकेल, मात्र कुंपण लगेच घालावे लागेल. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी बीएस ५८३७ हे मानक वापरले जाते. त्यानुसार जमिनीपासून दीड मीटर उंचीवरील खोडाच्या व्यासाची बारा पट इतक्या त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखीव समजले जाते. आपल्या झाडासाठी ही त्रिज्या ४.८ मीटर येते, म्हणजे भिंत एका बाजूने सुमारे ८० सेंटिमीटर या वर्तुळात शिरते. इतका शिरकाव निरोगी झाड सहसा सोसते, परंतु त्या पट्ट्यात यंत्राने न खोदता हाताने खोदावे, अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड मूळ आढळले तर ते कापण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि अभियंत्याला तेथे सलग पायाऐवजी खांब व तुळईचा पाया शक्य आहे का, असे विचारावे. झाडाला कायद्याचे संरक्षण असल्यास मुळे किंवा फांद्या कापण्यासही परवानगी लागू शकते, याची चौकशी आधीच करावी.

झाडे बांधकामात मरतात ती बहुधा खोदकामाने नव्हे, तर खोडाभोवतीच्या रिकाम्या, सावलीच्या जागेचा जो वापर होतो त्याने. तेथे विटा रचल्या जातात, मालवाहू गाडी उभी राहते, सिमेंट कालवले जाते आणि घमेली धुतली जातात. वजनाने माती दबली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या नाहीशा होतात आणि मुळे गुदमरतात. ओल्या सिमेंटचे पाणी तर अत्यंत अल्कधर्मी असते, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. खोदलेली माती खोडाभोवती वीतभर जरी चढवली तरी अपाय होतो. आणि हा सर्व अपाय लगेच दिसत नाही. शेंडा वाळू लागतो तो दोन-तीन वर्षांनी, तोपर्यंत कंत्राटदाराचा हिशेब पूर्ण झालेला असतो. यासाठी कुंपणाची अट तोंडी न ठेवता करारात लिहून घ्यावी.

प्रश्न : बांधकाम संपल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेत झाडे परत लावताना माती बदलावी का?

उत्तर : सर्व माती बदलण्याची गरज नसते, पण आहे तशी वापरूही नये. काम सुरू होण्यापूर्वीच वरची फूटभर काळी माती वेगळी काढून दीड-दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात झाकून ठेवली असेल, तर अर्धे काम झाले. ती खालच्या मुरमाड मातीत मिसळू देऊ नये. काम संपल्यावर भिंतीलगतच्या पट्ट्यातून सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, गिलाव्याचा चुरा आणि खिळे दोन फूट खोलीपर्यंत वेचून काढावेत, दबलेली जमीन कुदळीने किंवा पहारीने खोल सैल करावी आणि मगच राखून ठेवलेली माती पसरावी. त्यानंतर मातीचा सामू तपासून घ्यावा. तो ७.५ च्या वर असेल तर अनंत, एक्झोरा यांसारखी आम्लधर्मी माती मागणारी झाडे त्या पट्ट्यात लावू नयेत. लोह मातीत असूनही त्यांना ते घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. गंधक मिसळून सामू उतरवता येतो, पण सिमेंटचे अवशेष मातीत असेपर्यंत तो पुन्हा चढत राहतो. अशी झाडे भिंतीपासून दूर किंवा कुंडीत ठेवावीत. त्या पट्ट्यासाठी चुनखडी सोसणारी झुडपे निवडावीत, आणि पुढे कधी गिलावा दुरुस्त करण्यासाठी परांची बांधावी लागेल हे लक्षात घेऊन ती भिंतीपासून किमान मीटरभर अंतरावर लावावीत.